‘येते’ म्हणायचं नाही

सिस्टर ऑगस्टीना गेल्या त्याला शनिवारी महिना होत होता. कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा व्हायची होती आणि ती आटोपल्यावर अंगणात चार जणांनी त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचे होते. त्या चौघांत अलकनंदाचं नाव तिला न विचारताच घातलेलं होतं. नव्या मदर केरळच्या, वयाने लहान, कामाला चोख. त्यांनी फोनवर सांगितलं की पाच मिनिटं बोला, हिंदीत बोला आणि जरा प्रेरणा मिळेल असं बोला. अलकनंदाने बरं म्हणून फोन ठेवला आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं. त्र्याहत्तराव्या वर्षी प्रेरणा घेऊन काय करायचं, गुडघा दुमडला तरी पुरे, असं तिचं मत होतं.

शिवाय तिचं अर्धं लक्ष सामानात होतं. मकरंदने, तिच्या मुलाने, अठ्ठावीस डिसेंबरची झेलम एक्स्प्रेसची तिकिटं काढून ठेवली होती. तो येणार, आईला पुण्याला नेणार, झाशीच्या नगरा भागातल्या घराला कुलूप लागणार. नातीच्या, कश्मिराच्या खोलीतलं अर्धं कपाट रिकामं करून सून मृदुलाने त्याचा फोटोसुद्धा पाठवला होता. अलकनंदाची काहीही तक्रार नव्हती. अनंतराव रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले, पाच वर्षं अंगणात तुळशीला पाणी घालत बसले आणि गेले, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मराठी मंडळातल्या ओळखीच्या बायका एकेक करून मुलांकडे गेल्या. राहिलेल्यांची नातवंडं ‘आजी, तुम्ही खाना खाल्ला का’ असं मराठी बोलत. झाशीतून निघायला ती मनापासून तयार होती. कंटाळली होती हा खरा शब्द.

फक्त एक काम राहिलं होतं, आणि ते काम रोज सकाळी साडेसातला पुलिया नंबर नऊच्या वस्तीत दारासमोर खाट टाकून तिची वाट बघत असे. कामाचं नाव रमाकांत.

रमाकांत चौतीस वर्षांचा. क्रशरवर खडी पाडण्यात त्याची दहा वर्षं गेली, ती सगळी धूळ छातीत. दोन वर्षांपूर्वी टीबी निघाला. तीन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटायला लागलं, म्हणून सोडल्या. मग टीबी परत आला तो जास्त माजून. बायको कंटाळून माहेरी गेली. ह्या खेपेला सिस्टरनी त्याला बजावलं होतं की गोळी रोज कोणाच्यातरी डोळ्यांसमोर घ्यायची, एकट्याने नाही. गोळ्या सरकारच्या, डोळे सिस्टरचे. आणि सिस्टरचे डोळे अंथरुणाला खिळल्यापासून ते अलकनंदाचे झाले होते. कोर्स तेरा फेब्रुवारीला पुरा व्हायचा होता. एकतीस डिसेंबरला कॉन्व्हेंटचा दवाखाना बंद होणार होता, कारण चालवायला सिस्टरच उरल्या नव्हत्या. सरकारी केंद्र दहाला उघडायचं आणि रमाकांत आठलाच कामावर जायचा.

आपण अठ्ठावीसला जाणार हे अलकनंदाने त्याला अजून सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी सांगायचं ठरवून ती घरातून निघे. तो गोळी घेई, पाणी पिई, मोठा आ करून जीभ उचलून दाखवी. ती बघे, कार्डावर खूण करी, खाटेच्या पायाला धरून उठे आणि म्हणे, “अच्छा, आती हूँ।” झालं. परत दुसऱ्या दिवशी तेच.

आता ह्या ‘आती हूँ’चं सांगायलाच हवं. ते सांगितल्याशिवाय सिस्टर ऑगस्टीना काय चीज होत्या ते कळायचं नाही, आणि ह्या बाई त्यांच्या तावडीत कशा सापडल्या तेही.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अलकनंदा तेव्हा मुलींच्या इंटर कॉलेजात विज्ञान शिकवायची आणि सारा नगरा तिला बहनजी म्हणायचा. सीपरी बाजारात फ्लॉवर घेताना ती सवयीने स्वतःशीच मराठीत पुटपुटली की मेल्याने सगळे किडके गड्डे माझ्यासाठीच ठेवलेत. तेवढ्यात मागून आवाज आला, “जपून हो. त्याची आत्या भुसावळला असते.” वळून बघते तर राखाडी साडीतली, पायात रबरी चप्पल घातलेली, साठीची एक सिस्टर. गळ्यात क्रूस, हातात गवारीची पिशवी, आणि मराठी अशी खणखणीत की अलकनंदा फ्लॉवर विसरली.

सिस्टर वसईकडच्या. आडनाव तुस्कानो. घरची केळीची बाग, सहा भावंडं, ह्या चौथ्या. एकोणिसाव्या वर्षी सिस्टरांच्या संघात गेल्या, नर्सिंग शिकल्या आणि अडुसष्ट साली त्यांना झाशीला पाठवलं, तीन वर्षांसाठी म्हणून. तीन वर्षं झाली तरी बदलीचं पत्र आलं नाही. पुढेही आलं नाही. अलकनंदाने एकदा विचारलं होतं की तुम्ही आठवण नाही का करून दिलीत. सिस्टर म्हणाल्या, “पहिली दहा वर्षं मानी होते म्हणून नाही दिली. नंतर वेळ नव्हता.” आईच्या अंत्यविधीला पोचल्या नाहीत, कारण तेव्हा इकडे कॉलराची साथ होती. हे त्यांनी एकदाच सांगितलं, गवार मोडता मोडता, आणि पुन्हा कधी काढलं नाही.

तर फ्लॉवरच्या ओळखीवर, पंधराच दिवसांत, सिस्टर एका रविवारी दारात उभ्या. बरोबरच्या सिस्टरला ताप आलाय, बरुआसागरला एका मुलीकडे जायचंय, सोबत येतेस का, एकच दिवस. तेव्हापासूनच त्या अलकनंदाशी एकेरीत बोलत, कोणी परवानगी दिली होती देव जाणे. अलकनंदा गेली. सुट्टी होती, बसमध्ये मराठी बोलायला माणूस होतं, तळं बघून होईल असा साधा विचार.

मुलगी अनुसूया. बावीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं, खोकला निघाला म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून टाकलेली. घरभर आल्याची पोती, त्यांच्या आडोशाला तिची खाट. ती कोणाशी बोलत नव्हती. अलकनंदाने मास्तरणीच्या सवयीने ती कितवीपर्यंत शिकली ते विचारलं, वेणी घालून दिली, फुप्फुसाचं चित्र काढून दाखवलं. निघताना, कुठल्याही मराठी घरातली बाई उंबऱ्यावर जे म्हणते तेच ती म्हणाली. जाते म्हणायची आपल्यात पद्धत नाही, जाते म्हटलं की घरातली मोठी माणसं अंगावर येतात. म्हणून ‘येते’. तेच तिच्या तोंडून हिंदीत निघालं, “अच्छा अनुसूया, आती हूँ।”

मंगळवारी संध्याकाळी सिस्टर पुन्हा दारात. अनुसूयाने सोमवारी गोळी घेतली नाही, मंगळवारी घेतली नाही. उंबऱ्यात बसून आहे. म्हणते, बहनजी आती हूँ म्हणून गेल्यात, त्या आल्या की घेईन. तिच्या आईने दोन दिवस दुपारी चहाचं आधण ठेवलं आणि उतरवलं.

अलकनंदाला आधी हसू आलं, मग राग आला. “अहो सिस्टर, ती बोलायची रीत आहे. तुम्हाला नाही का ठाऊक?”

“मला ठाऊक आहे,” सिस्टर म्हणाल्या. “तिला नाही.”

एवढंच. आणि नुसत्या उभ्या राहिल्या. तो त्यांचा खास प्रकार होता. भांडणाऱ्याशी भांडता येतं, उभं राहणाऱ्याचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर अलकनंदाने बरुआसागरची बस धरली, आणि मग आठ महिने ती आठवड्यातून तीनदा धरत राहिली. अनंतराव म्हणाले, एका शब्दापायी एवढं? ती म्हणाली, हो, आता तोंड सांभाळून बोलेन.

सिस्टरनी त्या बसमध्येच नियम घालून दिला होता. ‘येते’ म्हणायचं नाही. ‘जाते’ म्हणायला जीभ वळत नसेल तर तेही म्हणू नकोस. वेळ सांगायची. सोमवारी आठ, तर सोमवारी आठला उभं राहायचं. त्या स्वतः कुठूनही उठताना एवढंच बोलत, ‘परवा, नऊ वाजता’, आणि चालू लागत. लोकांना ते तुसडेपणाचं वाटे. अलकनंदाने तो नियम ऐकला आणि बावीस वर्षं पाळला नाही. वेळ सांगितली की माणूस बांधला जातो, आणि ‘आती हूँ’ला निदान एक मागचं दार असतं. त्या दारातून ती कधी निसटली नाही ही गोष्ट वेगळी. पण दार आहे एवढ्या विचाराचाही आधार वाटायचा.

अनुसूया बरी झाली, सासरी गेली. नंतर कधी चिठ्ठी नाही की निरोप नाही. अलकनंदाला ते लागलं. सिस्टर म्हणाल्या, “चांगलं झालं. दवाखाना आठवत बसायला ती काय आपल्यासारखी रिकामी आहे?” आणि पिशवीतून चिरगावच्या तीन नवीन माणसांची कार्डं काढून तिच्या हातात ठेवली.

असं चाललं. अलकनंदाने दोनदा सोडायचं ठरवलं. पहिल्यांदा अनंतरावांच्या आजारपणात, तेव्हा सिस्टरनी न मागता दोन महिने सुट्टी दिली आणि रोज संध्याकाळी त्यांचा रक्तदाब तपासायला येऊन बसल्या. दुसऱ्यांदा सत्तरी उलटल्यावर. ती म्हणाली, सिस्टर, मी थकले. सिस्टर म्हणाल्या, “मीसुद्धा. उद्याची चिरगावची बस सव्वासातची आहे.” देवळातल्या बायकांना शंका की ही बाई अलकनंदाला बाटवणार. अलकनंदाने तेही सरळ विचारून टाकलं, की इतक्या वर्षांत मला चर्चला चल असं एकदाही कसं म्हटलं नाहीत? सिस्टरनी चष्मा पुसला. “रविवारी सकाळी तू चर्चला बसलीस तर बरुआसागरला कोण जाईल?” आणि स्वतःबद्दल म्हणाल्या की प्रार्थनेला बसलं की हल्ली मला झोपच लागते, पण देवाने अजून काही बोलून दाखवलेलं नाही.

शेवटचं दीड वर्ष त्या अंथरुणाला होत्या. तरी रोज पाच वाजता अलकनंदाचा फोन वाजायचा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. “घेतली का?” हो म्हटलं की फोन बंद. त्या गेल्या त्या दिवशीही वाजला होता. आता पाच वाजता वाजत नाही, आणि अलकनंदाला चहा कधी टाकायचा तेच समजत नाही.

शनिवारी अंगणात दीडशेक माणसं होती. टेबलावर सिस्टरांचा फोटो, त्यात त्या कोणावर तरी डाफरायच्या बेतात. आधी फादर बोलले, मग एक जुने औषधवाले, मग कॉन्व्हेंटच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी. दया की देवी झालं, त्यागमूर्ती झालं, ममता की मूरत झालं. अलकनंदा खुर्चीत बसून ऐकत होती आणि तिचा जीव आंबत होता. ममतेची मूर्ती? थर्मामीटर फोडला म्हणून ज्यांनी कंपाउंडरशी तीन दिवस अबोला धरला त्या? साठ वर्षं बसचे धक्के खाऊन माणूस मरावं आणि त्याचं कॅलेंडरवरचं चित्र व्हावं, हे तिला बघवेना. तिची पाळी आली तेव्हा तिने लिहून आणलेला कागद पर्समध्ये कोंबला आणि अनुसूयाची गोष्ट सांगितली. आपण महाराष्ट्राचे लोक निघताना येतो म्हणतो, त्याचा अर्थ काही येणार असा नसतो. ते नुसतं म्हणायचं असतं. बरुआसागरच्या पोरीने ते खरं धरलं आणि सिस्टरनी मला बावीस वर्षं त्या एका शब्दाची शिक्षा दिली. शिक्षा आमच्याकडची, म्हणजे सजा, तुमच्याकडची शिकण्याची नव्हे, हेही तिने सांगितलं. लोक पोट धरून हसले. फादर हसले. नव्या मदरसुद्धा हसल्या. चार मिनिटांत ती खाली बसली आणि तिला बरं वाटलं. निदान एक खरी बाई चार मिनिटं तरी त्या अंगणात येऊन गेली.

मग चहा आणि समोसे. तोंडावर मफलर गुंडाळलेला रमाकांत गर्दीच्या कडेकडेने तिच्यापर्यंत आला. तो आलाय हे तिने बघितलंच नव्हतं.

“काए बहनजी,” तो हळूच म्हणाला, “हमसे भी तो आप रोज जेई कहती हो।”

काय, असं तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला समजलं.

“आती हूँ।” तो म्हणाला. “तो हम का समझें? आओगी, कि ऐसेई कहने की बात है?”

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती. ठेकेदाराने ललितपूरच्या बाजूला ट्रक भरायच्या कामावर बोलावलंय, दीड महिना तिकडेच राहायचंय. बहनजी येणार असतील तर तो नाही म्हणणार होता. येणार नसतील तर सोमवारी निघणार होता. गोळ्या बरोबर नेईन, घेत जाईन, असंही म्हणाला. मागच्या खेपेलाही तो असंच म्हणाला होता.

सांगायची वेळ आली होती. अठ्ठावीस तारीख, झेलम, कश्मिराच्या खोलीतलं अर्धं कपाट. वाक्य हिंदीत तयार होतं, गेले पंधरा दिवस तयार होतं. त्याऐवजी तिच्या तोंडून निघालं, “आज गोली ले ली ना?” सकाळी साडेसातला तिनेच बघितली होती ती गोळी. पाच वाजत आले होते, म्हणून असेल.

आणि रमाकांतने मफलर खाली ओढला, भर गर्दीत मोठा आ केला आणि जीभ उचलून दाखवली. जिभेखाली समोशाचा बटाटा होता.

“बंद कर मुँह,” ती म्हणाली. पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एकदम खूप थकल्यासारखं झालं, जिना चढल्यावर होतं तसं. “तेरा फरवरी तक आऊँगी। सच में। उसके बाद नहीं आऊँगी, पुणे जा रही हूँ। समझा?”

त्याने मान हलवली. ठेकेदाराला आजच सांगतो म्हणाला, आणि आणखी एक समोसा घ्यायला गेला. आभार मानायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं, आणि मानले असते तर ती चिडली असती.

घरी येऊन तिने मकरंदला फोन लावला. तेरा फेब्रुवारीपर्यंत थांबते म्हटल्यावर तो बोलू लागला. दवाखाना बंद होतोय ना, मग तुझं काय काम? ती म्हणाली, दवाखाना बंद होतोय, त्याचा कोर्स नाही. झाशीच्या थंडीत तुझे गुडघे, सकाळचं धुकं, पडलीस तर कोण उचलणार, हे सगळं त्याने सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. मग त्याने विचारलं की तेरानंतर आणखी कोणी निघालं तर?

“नवीन नाव घेणार नाही.”

“आई, तुझ्या सिस्टरपण तीन वर्षांसाठीच आल्या होत्या ना?”

पोटचा पोरगा असला म्हणजे नेमकं कुठे टोचायचं ते त्याला ठाऊक असतं.   अलकनंदाने एवढंच सांगितलं की चौदा फेब्रुवारीचं तिकीट काढ आणि गाडीची वेळ मला कळव, मी लिहून ठेवते. त्याने सुस्कारा टाकला, काढतो म्हणाला. मृदुलाला सांग, कपाट तसंच राहू दे, असंही ती म्हणाली. भरलेली बॅग तिने उघडली, वरचे दोन स्वेटर आणि लोकरी मोजे बाहेर काढले आणि बाकीचं तसंच ठेवून चेन ओढली.

रविवारी सकाळी धुकं एवढं होतं की वर्कशॉपची भिंत दिसत नव्हती. काठी टेकत, दोनदा थांबत ती पुलिया नंबर नऊला पोचली. रमाकांत खाटेवर बसलेला, लोटा भरलेला. त्याने गोळी घेतली, पाणी प्यायला, आ केला. तिने टॉर्च मारून नीट बघितलं. कार्डावर खूण केली. खाटेच्या पायाला धरून उठताना गुडघा असा कळवळला की ती क्षणभर तशीच वाकून राहिली.

“अच्छा,” ती म्हणाली. पुढचा शब्द सवयीने ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

“कल, साढ़े सात।”

“हओ,” रमाकांत म्हणाला, आणि खाट उचलून आत घेऊन गेला.